पत्र्याचा करकोचा

१

रोज सकाळी दोब्रीची कामं ठरलेली. शेगडीत लाकडं सारायची, पुदिन्याचा चहा उकळायला ठेवायचा, कोंबड्यांचं खुराडं उघडायचं आणि मग बायकोच्या, नेदाच्या खोलीत जाऊन खिडकीचा पडदा सरकवायचा. पडद्याच्या कड्या वाजल्या की नेदा डोळे न उघडताच विचारायची, "आला का रे?"

"कोण?"

"तुझी सासू! अरे, करकोचा."

"नाही आला अजून."

"तू नीट बघतच नाहीस. जन्मभर पत्रा ठोकून ठोकून डोळेही पत्र्याचे झालेत तुझे."

मग तो तिच्या पाठीशी उशा लावायचा आणि दोघं मिळून बघत बसायची. अंगणापलीकडची गल्ली ओलांडली की समोर मितेवांचं घर. मितेव मंडळी स्पेनला गेली ती गेलीच. किल्ली तेवढी दोब्रीकडे ठेवून गेली. घर बंद असलं तरी धुरांड्यावरचं करकोच्यांचं घरटं नांदतं होतं. गाडीचं जुनं चाक आडवं बसवून त्यावर रचलेलं, दोन माणसं आडवी होतील एवढं. वर्बेत्स गावात आता पेटत्या चुलींपेक्षा घरटीच जास्त उरली होती. दर मार्चमध्ये करकोच्यांची जोडी यायची, माना पाठीवर टाकून चोचींचा खटखटाट करायची, आणि तो आवाज धुरांड्यातून उतरून रिकाम्या घरभर घुमायचा. नेदा म्हणायची, मितेवांकडे पाहुणे आले.

यंदा तिला त्या पाहुण्यांची घाई झाली होती. तिचं हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी साचत होतं. शहरातल्या डॉक्टरांनी दोब्रीला बाजूला घेऊन "वसंतापर्यंत बघू" असं सांगितलं, आणि ज्या सुरात सांगितलं त्यावरून त्याला काय ते कळलं. मार्चच्या पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्यांनी एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरी मार्तेनित्सा बांधली. मार्च महिना म्हणजे मार्ताआजी, घटकेत हसणारी, घटकेत फणकारणारी म्हातारी; तिच्या तडाख्यातून हा दोरा माणसाला सांभाळतो. पहिला करकोचा दिसला की दोरा सोडायचा आणि फळझाडाला बांधायचा. ज्याने बांधला त्याने वर्ष गाठलं.

"एवढा झाडावर गेला ना, की मी यंदा मरत नाही बघ," नेदा म्हणायची. "आणि करकोचा नाहीच आला, तर माझं काही खरं नाही, म्हाताऱ्या."

दोब्रीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नेदावाचून हे घर, हे नुसतं मनात आलं तरी तो अंगणात जाऊन आभाळाकडे बघत उभा राहायचा.

२

मार्च अर्धा उलटला. उत्तरेचा वारा पडायचं नाव घेईना. पलीकडच्या गावांत करकोचे पोचले, अशी बातमी स्तामेनाने आणली. ही मितेवांच्या मागच्या घरात राहणारी विधवा. जिभेला हाड नाही, पण रोज नेदासाठी वाडगाभर सूप घेऊन यायची.

"आपल्याच गावाने त्यांचं काय घोडं मारलंय कोण जाणे," ती म्हणाली. "नदीपलीकडे चार घरट्यांत बसलेत मेले. आणि आमच्याकडे? ठणठणाट!"

नेदाने ते ऐकलं आणि चमचा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कड्या वाजल्या आणि तिने काहीच विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोब्री पडदा हातात धरून तसाच उभा होता. "आला का रे" हे चार अक्षरांचं बोलणं ऐकण्यासाठी आपण काहीही करू, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

तो थेट मागच्या पडवीत गेला. तिथे त्याची हत्यारं होती. अर्ध्या जिल्ह्याच्या पन्हळी आणि शेगड्यांची नळकांडी त्याच्या हातची. पण फसवण्यासाठी म्हणून त्याने आजवर काही केलं नव्हतं. दुधाच्या जुन्या किटलीचा पत्रा उलगडून त्याने पोट वळवलं. मानेला बारीक नळी मिळेना, म्हणून पन्हळीचाच तुकडा लावला. मान जरा जाड झाली. पोटाखालची शिवण झाळून सांधताना हात थरथरला आणि ती वाकडी गेली. छातीवर हातोडी निसटून एक पोचा आला तो आलाच. रिवेटांची रांग मात्र झकास साधली, शेवटचा एक तेवढा रांग सोडून बसला. अंगाला पांढरा रंग, पंखांना शेगडीचं काळं, चोचीला आणि सळईच्या पायांना शेंदूर. जवळून पाहिलं तर पोरांचं खेळणं. लांबून मात्र करकोचा.

दुपारी नेदाचा डोळा लागला होता आणि स्तामेना बाजाराला गेली होती. दोब्री मितेवांच्या माळ्यावर चढला, छपराच्या खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि हाताच्या अंतरावरच्या धुरांड्यावर त्याने तो पक्षी चाकाच्या लोखंडी धावेला बोल्टांनी आवळून टाकला. तोंड नदीकडे. म्हणजे नेदाच्या खिडकीतून बाजू दिसेल, चोच दिसेल. उतरताना गुडघ्यांनी त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या.

३

"नेदे, ऊठ. उठून बघ जरा."

ती बघतच राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून दोब्रीला लाज वाटली आणि आनंदही झाला, आनंद जास्त.

"आला रे! अरे, आला की!" तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग जरा वेळाने म्हणाली, "पण उभा आहे."

"मग काय डोक्यावर नाचायला हवा होता?"

"तसं नाही. पहिला करकोचा उडताना दिसावा, म्हणजे वर्ष हलकं जातं. उभा दिसला की वर्ष बसतं, माणूस जागचा हलत नाही."

"बसू दे की बसलं तर. तू तरी कुठे शर्यतीला निघालीयेस?"

ती हसली, हसता हसता खोकली, पुन्हा हसली. दोब्रीने तिच्या मनगटावरचा दोरा सोडला, स्वतःचाही सोडला, आणि ती खिडकीतून बघत असताना अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला दोन्ही बांधून आला. त्या संध्याकाळी नेदाने सूप संपवून पाव मागितला.

स्तामेनाने बाजारातून येताना घरट्याकडे एकदाच पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "मी नाही बाई ह्याच्यावर दोरा सोडत. उडणारा दिसेल तेव्हा सोडीन. हा मेला नुसता खांबासारखा उभा. मी तर पुन्हा बघणारही नाही त्याच्याकडे."

४

मग वादळ आलं. गारा, पाऊस, वारा असा की कौलं पत्त्यांसारखी उडत होती. दोब्रीने खिडक्यांची लाकडी दारं बाहेरून लावून घेतली. दोघं दिव्याच्या उजेडात बसून राहिली आणि वाऱ्याचे धक्के ऐकत राहिली. मध्येच समोरून कुठून तरी पत्रा फाटल्यासारखा मोठा आवाज झाला.

"तो काय करत असेल बिचारा?" नेदा म्हणाली.

दोब्रीने दिव्याची वात वर केली. बोल्ट उपटले असणार, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती. आता काय सांगायचं, दुसरा करायचा की उडून गेला म्हणायचं, ह्याची जुळवाजुळव तो मनात करत राहिला.

वादळ सरलं तेव्हा त्याने भीत भीत दारं उघडली. घरट्यात करकोचा जसाच्या तसा उभा. जाड मान, छातीवरचा पोचा, सगळं जागच्या जागी. रंगही धुऊन निघाल्यासारखा लख्ख.

दोब्रीची छाती फुगली. रिवेट मारावा तर आपणच, असं त्याने स्वतःलाच मिशीत सांगितलं, आणि दुपारी राकिया दारू पेलाभर जास्त घेतली.

५

"आज एका पायावर उभा आहे," नेदा म्हणाली.

दोब्रीने पाहिलं. खरंच एकच पाय दिसत होता. पण ह्या बाजूने एक सळई दुसरीच्या आड जात असणार. उन्हं कलली की नजर फसते. त्याने तसं मनाला सांगितलं आणि मनाने ते ऐकलं.

काही दिवसांनी ती म्हणाली, "हा हल्ली इकडेच बघतो."

पुन्हा पाहिलं. चोच नदीकडे नव्हती. चोच दिसतच नव्हती. समोरून पाहिलं की जसा नुसता बारीक पांढरा पट्टा दिसावा, तसा तो दिसत होता. वादळात चाकच फिरलं असेल, दोब्रीने विचार केला. आणि खिडकीची काच जुनी आहे, तिच्यात लहरी आहेत. वर जाऊन बघायला हवं, पण गुडघे ऐकत नव्हते. आणि खरं सांगायचं तर जायची इच्छाही होत नव्हती.

नेदा आता बरी होती म्हणायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना. खोकला थांबला होता, पायांवरची सूजही वाढली नव्हती. पण भूक थांबली, तहान थांबली. तो दर रविवारी तिची नखं कापायचा. आता कापायला काही नसायचं. ती दिवसभर उशांना टेकून खिडकीकडे बघत बसायची, आणि तिचा श्वास असा लांबायचा की दोब्री हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायचा. मग कधीतरी तो श्वास परत यायचा.

शहरातून येणारी परिचारिका इलियाना नाडी धरून बसली, मग पुन्हा धरून बसली.

"आजोबा, मला काही समजत नाही हो," ती दारात येऊन हळूच म्हणाली. "ठोका पडतो, आणि मग… विसरल्यासारखा थांबतो. असं असताना माणूस बोलत कसं बसेल? तुम्ही काही वेगळं देताय का?"

"चहा देतो. घेत नाही."

"दुखतंय म्हणतात?"

"नाही."

"मग काय सांगू?" इलियानाने पिशवी खांद्याला लावली. "आहेत ना अजून, हेच नशीब समजा."

दोब्रीने तसं समजायचा प्रयत्न केला. आत आला तर खिडकीच्या काचेवर एक माशी बसली होती. ती त्या जागी आठवडाभर होती. त्याने नखाने ढोसली. मेलेली नव्हती, पाय थरथरत होते. पण उडाली नाही.

६

ईस्टर आला, लाल अंडी रंगवून झाली. गावात सगळ्यांची झाडं फुलली. दोब्रीच्या अंगणातल्या आलुबुखाराचे कळे मात्र मिटलेलेच. कीड नाही, करपा नाही, नुसते थांबलेले. मितेवांच्या घरामागे स्तामेनाचं झाड होतं, एकाच मुळाच्या फुटव्याचं. त्याच्या पाकळ्या वाऱ्याने गल्लीत पसरल्या होत्या. घरट्याच्या तळाशी काटक्यांत चिमण्यांची बिऱ्हाडं असायची. ती चिवचिव कधी बंद झाली हे दोब्रीच्या लक्षातच आलं नव्हतं. आता लक्षात आली आणि मग लक्षातून जाईना.

आणि एका लख्ख दुपारी खरे करकोचे आले. दोब्री अंगणात लाकडं फोडत होता. आधी सावल्या जमिनीवरून सरकल्या, मग त्याने वर पाहिलं. जोडी होती. ते नेहमीसारखे गिरक्या घेत खाली आले, पाय सोडले, आणि घरट्यापासून काठीभर अंतरावर असताना एकदम पंख झाडून वर उठले. त्यांनी आवाज काढला नाही. नदीकडे गेले, नदीही ओलांडली, आणि दिसेनासे झाले.

घरट्यातल्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं नाही. पत्र्याचाच तो, कशाला बघेल? दोब्री हे स्वतःशी मोठ्याने बोलला. मग त्याला कोंबड्या दिसल्या. खुराड्याबाहेर पडल्या होत्या आणि अंगणभर विखरून उभ्या होत्या. दाणे समोर पडलेले. एकही मान खाली जात नव्हती. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"शुक! शुक!" त्याने हात हलवले. एकीला उचलून खुराड्यात ठेवलं. ती गरम होती. तिचं काळीज त्याच्या तळव्याखाली एकदा धडकलं, आणि दुसरा ठोका येईपर्यंत दोब्रीला घाम फुटला.

७

स्तामेनाची शेळी दोर तोडून पळाली ती गेऑर्गीच्या सणाच्या आसपास, घरोघर कोकरू भाजतात तेव्हा. "धर रे तिला, दोब्री! कोकराऐवजी हिलाच भाजते बघ!" अशा आरोळ्या ठोकत ती गल्लीतून धावली. शेळी मितेवांच्या मागल्या परसात शिरली. तिथे कमरेएवढं खाजरं रान माजलं होतं. दोब्री तिच्यामागे शिरला आणि कशाला तरी अडखळून पडला.

पडल्या पडल्या हाताला लागलं ते पत्र्याचं होतं. त्याने पाला बाजूला केला.

किटलीचं पोट. वाकडी शिवण. मान मोडून दुमडली होती, शेंदूर धुऊन जाऊन खाली गंज चढला होता. बोल्ट मुळासकट उपटलेले, आणि फाटलेल्या पोटातून गवताची पाती बाहेर येऊन हात हात वाढली होती. हे कालपरवा पडलेलं नव्हतं. वादळाच्या दिवशी ऐकलेला आवाज त्याला आठवला.

"काय रे ते?" स्तामेनाने शेळीचं शिंग धरत विचारलं.

"पन्हळीचा तुकडा," दोब्री म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

तो घरी आला. घरट्याकडे न बघता, मान खाली घालून अंगण ओलांडलं आणि नेदाच्या पलंगाशी जमिनीवर बसला.

"नेदे, मी तुला फसवलं. तो करकोचा पत्र्याचा होता. मी केला होता."

"ठाऊक आहे," नेदा म्हणाली. तिची नजर खिडकीतच होती. "पहिल्या दिवशी पत्र्याचाच होता. तुझा वाकडा रिवेट मी गल्लीपलीकडून ओळखीन. वादळानंतर नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती हौसेने केला होतास! आणि वाटलं, राहतेय तर राहू. कुणाला जायचं असतं रे?" तिचा श्वास लांबला. दोब्री वाट बघत राहिला. "पण आता पुरे. मला दुखत नाही, झोप येत नाही, जागही येत नाही. माझं मरण इथे, घशाशी येऊन थांबलंय. गिळता येत नाही, थुंकता येत नाही. जा आणि हलव त्याला."

"हलवला तर तू…"

"हो."

"उद्या जातो."

"असं तू कालही म्हणालास."

काल ह्यातलं काहीच बोलणं झालं नव्हतं. दोब्रीला तरी आठवत नव्हतं. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तिने त्याच्या केसांत हात फिरवला नाही. तिला हात हलवता येत नव्हता, हे त्याला तेव्हा समजलं. तिला ठेवून घेण्यासाठी आपण हे तिचं काय करून ठेवलं, ह्या विचाराने त्याला स्वतःची किळस आली. तो उठला.

८

मितेवांच्या घरात ऊन खिडक्यांच्या फटींतून तिरपं पडलं होतं. धूळ त्या उन्हात तरंगत नव्हती, एका जागी टांगलेली होती. बैठकीच्या खोलीत भिंतीवर फोटो काढून नेल्याच्या फिकट चौकटी होत्या आणि कोपऱ्यात शेगडी. दोब्रीनेच कधीतरी बसवलेली. तिचं नळकांडं धुरांड्यात गेलं होतं.

तिथून आवाज येत होता.

टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

उन्हाने पत्रा तापला की असा वाजतो. दोब्रीने हा आवाज आयुष्यभर ऐकला होता, झोपेतही ओळखला असता. त्याने शेगडीचं झाकण उघडून कान लावला. टक्. आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा पत्र्याचा आवाज नव्हता. वर कुणीतरी हा आवाज घशातून काढत होतं, आणि फार चांगला काढत होतं.

परत फिरावं असं त्याला वाटलं. वय झालंय, कानांचा काय भरवसा, शेळीमागे धावून डोकं भणभणलंय. बुद्धी अशी एकेक कारणं पुढे करत होती आणि त्याला ती सगळी पटत होती. पण नेदाने पहिल्यांदाच त्याच्याकडे काही मागितलं होतं, जे तिच्या स्वतःसाठी होतं. तो जिना चढला. माळ्यावर पोचला. हातात पाना, कमरेला हातोडी. वर बघायचं नाही, फक्त पायांकडे बघायचं, पाय तोडायचे आणि ढकलून द्यायचं, असं ठरवून त्याने छपराची खिडकी उघडली.

घरट्याची कड दिसली. काटक्या राखाडी, ह्या वर्षीची एकही नाही. मग शेंदरी पाय. ते दोन होते. चाकाच्या धावेला ते बोल्टांनी आवळलेले नव्हते. त्यांनीच धाव आवळली होती.

पायांच्या वर पोट सुरू होत होतं. तिथे रिवेटांची रांग होती. शेवटचा एक रांग सोडून बसलेला. पण ते कुणी मारलेले नव्हते, चामखिळी याव्यात तसे आतूनच आले होते. त्यांच्या बाजूने वाकडी शिवण गेली होती, त्याचा हात थरथरला होता तिथे बरोबर वाकलेली. ती शिवण किंचित उघडत होती आणि मिटत होती.

दोब्रीने पाना उचलला. तेवढ्यात ती जाड मान, बारीक नळी मिळाली नाही म्हणून जाड झालेली ती मान, नेदाच्या खिडकीकडून हळूहळू त्याच्याकडे वळायला लागली. वर बघायचं नाही हे त्याने पक्कं ठरवलं होतं. तरी तो बघत होता.

९

भीती वाटली असती तर बरं झालं असतं. पाना खाली घ्यावा असं त्याला वाटलं, आणि हात खाली आला नाही. श्वास अर्धा आत घेतला होता, तो तिथेच राहिला.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून, पन्हळीच्या पलीकडे, त्याचं अंगण दिसत होतं. त्याला लांबचं चांगलं दिसायचं. कोंबड्यांनी पिसं झाडली, दाण्यांवर तुटून पडल्या, भांडायला लागल्या. खिडकीत नेदाने मान वळवली. इतक्या दिवसांनी तिने काचेवरून नजर काढली, हात उचलून डोळे चोळले. सुटल्यासारखा तिचा चेहरा सैल झाला. मग तिने खोलीत इकडेतिकडे पाहिलं. ती त्याला शोधत होती. तिचे ओठ हलले, आणि ते कुठलं नाव घेतायत हे दोब्रीला ऐकू न येताही कळलं. चाळीसपेक्षा जास्त वर्षं त्याने ते त्या ओठांवर पाहिलं होतं. तिने पलंगावर त्याच्या बाजूला हात टाकला आणि दाराकडे बघत राहिली. तो येईल म्हणून ती थांबली होती. येतो, येतो, दोब्री मनात ओरडत होता. ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग उशीवरून एका बाजूला घसरली.

स्तामेना सुपाचा वाडगा घेऊन गल्लीतून आली. "दोब्री! अरे, शेळी बांधून आले रे! कुठे गडप झालास?" ती आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाडगा नव्हता. डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरलं होतं. "दोब्री!" तिने पडवीत पाहिलं, खुराड्यामागे पाहिलं, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. "अरे कुठे आहेस रे बाबा! घरी ये लवकर! एकटीच गेली रे ती…"

दोब्रीला घरी जायचं होतं. तिचे डोळे मिटायचे होते, ते दुसऱ्या कुणी मिटू नयेत असं त्याला वाटत होतं. एवढ्यासाठी कुणीतरी इकडे बघायला हवं होतं, एकदाच, क्षणभर, म्हणजे ही मान तिकडे वळली असती आणि तो सुटला असता. स्तामेना आयुष्यात कुणाच्या वाईटावर नव्हती, नेदासाठी रोज सूप आणत होती, हे सगळं त्याला आठवत होतं. आणि तरी तो सगळा जीव एकवटून म्हणत होता, स्तामेना, वर बघ. बाई, एकदा वर बघ.

स्तामेना अंगणाच्या मधोमध थांबली. उन्हामुळे तिने कपाळाला हात आडवा लावला आणि मान वर करायला लागली.